हिराबाईच्या डोळ्यांवरचा उजेड

सातपाटी, मंगळवार, जानेवारी १९६६

उजेड आजही सरकला. झोपडीत दिवा एकच. त्याचा झोत चंदेरी कागद लावलेल्या फळीवर पडतो आणि तिथून जाळं विणणाऱ्या हिराबाईच्या चेहऱ्यावर. पण माहितीपटासाठी मी कॅमेरा सुरू केला की तिच्या डोळ्यांवरचा उजेड हळूच गळ्यापर्यंत उतरतो. फळी धरतो माझा मदतनीस दामले. मुद्दाम करतो का? चित्रण बिघडलं तर ठपका माझ्यावर येणार, आणि माझ्या जागेवर त्याचा डोळा आहेच.

शेवटी त्याला कॅमेऱ्यावर बसवलं आणि फळी मीच धरली. आता बघू, म्हटलं. समोर हिराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"डोल्यांची आग होते," ती म्हणाली, "पन तुमी करा तुमचं काम. मी हलनार नाय."

माझा हात आपोआप खाली गेला.

"काल बोलला का नाहीस?" मी दामलेला विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे? नुसते ओरडलात."

उद्या फळीवर पांढरी चादर ताणायची, म्हणजे उजेड मऊ पडेल. दामलेचा माझ्या जागेवर डोळा आहे, असं मात्र अजूनही वाटतंच.