विटकरी बाजू आत

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आम्हा भावंडांना थंडीसाठी एकच कोट होता. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना मिळालेला जाड निळा कोट आईने आम्हाला दिला होता. डाव्या बाहीत माझा डावा हात, उजव्या बाहीत धाकट्या मच्छिंद्रचा उजवा, आणि उरलेले दोन हात आत एकमेकांच्या कमरेभोवती, असे आम्ही पूल ओलांडून शाळेला जायचो. एका सकाळी खालून इंजिनाची वाफ वर आली तेव्हा तो म्हणाला, "आक्का, आपल्याला चार पाय हायत. आपण घोडं झालो." मी सहावीत होते, तो दुसरीत. पुलाला एक्केचाळीस पायऱ्या होत्या. मृत्युपत्र करणाऱ्याची स्मरणशक्ती शाबूत असावी लागते, म्हणून एवढे आधी लिहिले.

मी, ललिता शंकरराव टेमगिरे, माहेरची खेडेकर, वय बासष्ट, धंदा शिवणकाम व जुनी जॅकेटे नवी करून विकणे, राहणार शिरूर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो गप्प राहण्यासाठी. मानेवर उजव्या बाजूला चार टाके आहेत, त्यांचा खुलासा पुढे येईल. टाके सरळ पडले आहेत, डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. येत्या सोमवारी, १२ जानेवारीला, मला कोर्टात माझा भाचा पृथ्वीराज, म्हणजे मच्छिंद्रचा मुलगा, याच्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे. सोमवारपर्यंत मी जिवंत राहावे अशी माझी इच्छा आहे, पण खात्री नाही.

१. दुकानाच्या भिंतीवर माझे कैलासवासी पती शंकरराव यांचा सागवानी गज टांगलेला आहे. त्याने कापड कमी मोजले गेले आणि मी जास्त. सहाव्या महिन्यात त्यांनी तो पोटावर मारला, त्यानंतर मला मूल झाले नाही. तो गज माझ्या चितेत घालावा. लाकूड चांगले आहे, जळेल.

पृथ्वीराज आठव्या वर्षी कासुर्डीहून माझ्याकडे शिकायला आला. भिंतीपलीकडून त्याला आवाज ऐकू जायचा. एकदा सकाळी त्याने विचारले, "आत्या, मामा तुला का मारत्यात?" मी म्हणाले, "मारत नाहीत रे, कापड झटकतायत." त्याने ते मान्य केले. पुढे गज लागल्याचा आवाज आला तरी तो पुस्तकातून मान वर करीत नसे. हे खोटे माझ्या नावावर मांडावे, त्याच्या नाही.

२. दुकान, वरची खोली, दोन्ही शिलाई मशिनी, ओव्हरलॉक, इस्त्री व गठ्ठ्यातला सर्व माल मी हर्षदा चौधरी, राहणार पाबळ, हिला देत आहे. रांजणगावच्या एका कंपनीत मुलाखत होती म्हणून ती माझ्याकडे आली होती. अंगात बहिणीचा पिवळा कुर्ता, पर्समध्ये तीनशे रुपये. मी गठ्ठ्यातले एक राखाडी पुरुषी जॅकेट काढले, कमरेत दोन टक्स घेतले, बटणे बदलली. म्हटले, "उद्या हे कुर्त्यावर. परवा जीन्सवर. तेरवा साडीवर."

"आन् चौथ्या दिवशी, काकू?"

"चौथ्या दिवशी धुवायला."

नोकरी मिळाली नाही. जॅकेट परत द्यायला आली आणि मशीनवर बसली, ती सहा वर्षे उठली नाही.

दुकानाबरोबर माझी पद्धतही तिचीच. ती कुठे लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहिते. जुने जॅकेट घेताना आधी खांदा बघावा. लांबी, कंबर, बाही कमी करता येते. खांदा चुकला तर जॅकेट जन्मभर दुसऱ्याचे दिसते. पहिलेच जॅकेट असेल तर राखाडी, गडद निळे किंवा मेंदी घ्यावे. तीन कुर्ते, एक जीन्स आणि दोन साड्या एवढ्यांशी त्याचे पटते. काळे घेऊ नये, आमच्या धुळीत काळे दुपारपर्यंतसुद्धा काळे राहत नाही. साडीवर घालायचे तर पदर जॅकेटच्या आतून घ्यावा आणि वरून पट्टा बांधावा. अस्तर फाटले तर आईच्या जुन्या सुती साडीचे लावावे आणि बाही एकदा दुमडावी. लोक विचारतात, कुठून घेतले. पैसे कमी असतील तर ते कापडावर घालू नयेत, बटणांवर घालावेत. आणि ज्याला दोन जॅकेटे परवडत नाहीत त्याला एकच, दोन बाजूंचे करून द्यावे.

असे दोन बाजूंचे जॅकेट मी २०२३ च्या दिवाळीत पृथ्वीराजला करून दिले. एक बाजू विटकरी, दुसरी राखाडी, दोन्हींवर पाच-पाच बटणे. तो विटकरी बाजूच बाहेर घालायचा. राखाडी रंग म्हाताऱ्यांचा, म्हणायचा.

३. त्याने हर्षदाला लग्नाचे विचारले ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. ती म्हणाली, "न्हाई पृथ्वी. चहा घेतो का?"

"माझ्या आत्याच्या मशिनीवर बसती आन् मलाच न्हाई म्हणती?"

"मशिनीवर बसती म्हणूनच म्हणती."

बायका हसल्या. मीही हसले.

९ डिसेंबर २०२३, शनिवार, संध्याकाळी साडेपाच. मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या एका माणसाने तिला पाठीमागून लोखंडी सळईने मारले. आधी जबड्यावर. ती पडल्यावर तिचा उजवा हात दगडावर ठेवून तीन वेळा. मारणारा एक शब्द बोलला नाही, पण तो हात कशाचा आहे हे त्याला माहीत होते. दवाखान्यात तिचे जॅकेट मीच कापून काढले. मनगटापासून खांद्यापर्यंत कात्री जाईना, कारण त्या शिवणीला मीच दुहेरी टीप मारली होती. आतून हाडाचे टोक कापडात अडकले होते. कात्री चालवताना मी तिला सांगत होते, नवे शिवू, नवे शिवू. तिला बोलता येत नव्हते.

बघणाऱ्या दोघांनी सांगितले की मारणाऱ्याचे जॅकेट विटकरी होते. आयुष ओव्हाळ या तरुणाकडे माझ्याच दुकानातले विटकरी जॅकेट होते, आणि आठवड्यापूर्वी बाही अर्धा इंच आखूड झाली म्हणून तो हर्षदाशी तावातावाने भांडला होता. त्याला धरून नेले. पृथ्वीराजकडे कोणी पाहिले नाही, कारण दहाच मिनिटांनी तो पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात राखाडी जॅकेट घालून उभा होता.

मी तिच्यासाठी कपडे न्यायला घरी आले तेव्हा माझ्याकडेच राहणाऱ्या पृथ्वीराजचे जॅकेट खुंटीवर होते, राखाडी बाजू बाहेर, आणि ओले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा कपडा स्वतः धुतला होता. मी कॉलर उलटून पाहिली. कापडावरचे रक्त जाते, शिवणीतले एका धुण्यात जात नाही. मी ते जॅकेट ट्रंकेत ठेवले आणि कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र कासुर्डीहून आला. आत येईना, उंबऱ्यातच बसला.

"आक्का, एकच पोरगं हाय मला."

"हर्षदालाही उजवा हात एकच होता."

"तिचा समदा दवाखाना मी करतो. जमीन इकतो. तू फकस्त गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी आयुषची आई सरूबाई दुकानात आली. मला वाटले, शिव्या द्यायला आली. ती म्हणाली, "ताई, आत पोराचं पुढचं दोन दात पाडलं दुसऱ्या कैद्यांनी. ते जाकीट पोलिसांकडं हाय. परत मिळालं की बाही लांब करून द्याल का? तेवढ्यासाठीच भांडला हो तो." मी तिला पाणी दिले, ट्रंक उघडली, जॅकेट पिशवीत घातले आणि तिलाच बरोबर घेऊन पोलिसात गेले. आयुष सुटला, पृथ्वीराज आत गेला. गेले वर्षभर तो जामिनावर बाहेर आहे.

४. म्हणून बँकेतल्या माझ्या ठेवीतला निम्मा भाग आयुष ओव्हाळ याला. त्याची कंपनीतली नोकरी त्या दिवसांत गेली. त्याच्यासाठी एक गडद निळे जॅकेटही शिवून ठेवले आहे. मुलाखतीला चालेल, लग्नातही चालेल. बाही त्याने सांगितली होती तेवढी आहे. एकोणीस दिवसांची भरपाई जॅकेटाने होत नाही हे मला समजते. माझ्याकडे जे येते तेच मी देऊ शकते.

निम्मा भाग हर्षदाच्या हाताच्या पुढच्या ऑपरेशनसाठी. ती आता डाव्या हाताने कापते. डावखुऱ्यांची कात्री मी मुंबईहून मागवली आहे, ती आली की तिने घ्यावी. टोक बोथट करून घेऊ नये.

५. ट्रंकेतला वडिलांचा निळा कोट मच्छिंद्रला. याच कोटामुळे शाळेतल्या मुली मला मुलगा म्हणून चिडवायच्या, कारण बटणे पुरुषांच्या बाजूला होती. शिवणाच्या तासाला सिस्टर अगाथांनी ती उसवून मला दुसऱ्या बाजूला लावायला शिकवली. त्या म्हणाल्या, "मुलगा-मुलगी देव करतो, ललिता. बाकी सगळे बटणे करतात." मग मच्छिंद्र रडला, की आता मी मुलगी दिसतो. संध्याकाळी मी ती पुन्हा काढून पूर्वीसारखी लावली. मच्छिंद्र, तुझ्यासाठी मी आयुष्यात पुष्कळ उसवले. या वेळी उसवणार नाही. तुझ्यावर माझा राग नाही, आणि तू माझ्या दारात यायचे थांबू नकोस.

६. पृथ्वीराज मच्छिंद्र खेडेकर याला माझ्या मिळकतीतले काहीही नाही. विसरून नव्हे, आठवणीने.

परवा, ५ जानेवारीला, भर दुपारी तो दोघांना घेऊन दुकानात आला आणि शटर आतून खाली ओढले. बरोबरच्यांनी मोठा आरसा फोडला, मशीन उचलून फरशीवर आपटली. त्याने माझी कात्री माझ्या मानेला लावली.

"आत्या, सोमवारी तुम्ही आजारी पडायचं."

"काय होईल मला?"

"काय बी. ह्या वयात माणूस जिन्यावरनं बी पडतं."

लहानपणापासून तो मला तू म्हणत आला. कात्री टेकवल्यावर तुम्ही म्हणाला. मी म्हणाले, "पृथ्वी, धार आजच लावली आहे, जपून धर." त्याने दाबली. रक्त ब्लाउजमध्ये उतरले तेव्हा त्याने लगेच कात्री मागे घेतली हे मी सांगायला हवे, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. जाताना म्हणाला, "घर-दुकान माझंच हाय. आज न्हाई तर सोमवारनंतर."

समोर भाजी विकणाऱ्या शेवंताबाईंनी शटर वर केले आणि मला पदराने दाबून धरत दवाखान्यात नेले. वाटेत म्हणाल्या, "बाई, आता तरी कागद करा."

७. पृथ्वीराजचे वकील म्हणतात की विटकरी बाजू मी मागाहून लावली, भाच्याला अडकवण्यासाठी. मागच्या महिन्यात सरकारी वकिलांनी मला पेट्रोल पंपावरचे चित्रण दाखवले. पुरुषाच्या जॅकेटात डावी बाजू उजवीवर येते, बायकांच्या जॅकेटात उजवी डावीवर. पुरुषाचे दोन बाजूंचे जॅकेट उलटे करून घातले की बटणे बायकांच्या बाजूला जातात. दिवाळीत शिवतानाच हा दोष मला दिसला होता. बटणांकडे कोण बघते, म्हणून तसाच सोडला.

पंपावर पृथ्वीराजने हेल्मेट काढले आहे. थंडी म्हणून राखाडी जॅकेटाची पाचही बटणे लावली आहेत. उजवी बाजू डावीवर आहे. म्हणजे त्या संध्याकाळी, मी ते हातात घेण्याच्या आधी, जॅकेट उलटे होते आणि त्याला दुसरी बाजू होती.

हे मी लेखी दिले आहे. सोमवारी तोंडानेही सांगेन. मी नसले तर शिरूरमधला कोणताही टेलर ते चित्रण बघून हेच सांगेल. चित्रण कोर्टाच्या ताब्यात आहे, तिथे कात्री पोहोचत नाही.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मोनाली ढमढेरे यांनी करावी. त्यांचा पहिला काळा कोट मीच एका जुन्या जॅकेटातून काढून दिला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येणार नाही. याच्या तीन प्रती आहेत. एक त्यांच्याकडे राहील. दुसरी हर्षदाला द्यावी. तिसरी पृथ्वीराजला द्यावी, आणि ती माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्या सकाळी. मोनालीताई म्हणाल्या, साक्षीच्या आधी त्याला काहीच कळू देऊ नका. मी म्हणाले, कळले नाही तर साक्षच होणार नाही. प्रत मच्छिंद्रच्या हाती द्यावी. त्याने मुलाला समोर बसवून ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे मला मारून काय काय मिळणार नाही, ते त्याला बापाच्या आवाजात एकेक करून ऐकू येईल.

सही: ललिता शंकरराव टेमगिरे

आम्हा दोघींच्या समोर त्यांनी सही केली, त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: डॉ. अनिता कर्डिले, शिरूर (सही)
साक्षीदार २: शेवंताबाई, भाजीविक्रेत्या, शिरूर (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: शिरूर, जिल्हा पुणे
दिनांक: ७ जानेवारी २०२६, बुधवार