माझे कान, तुमचा टँकर आणि मखमली पेट्रोल

तीर्थस्वरूप टँकरदादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गाडीत बसून साष्टांग पडता येत नाही, तेव्हा मानेपर्यंतचा पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. मी तर फारच खुशाल आहे, आणि हे पत्र मी हार मानून लिहितोय असा संशय आला असेल तर तो आत्ताच झटकून टाका. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि डेपोच्या फाटकावर तर तुमचे फोनच काढून ठेवतात, म्हणून हा कागद.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. तीन महिन्यांपूर्वी भर जेवणात तुम्ही म्हणालात की नामांकित पंप काय आणि बिननावाचा पंप काय, दोन्हीकडचं पेट्रोल एकाच डेपोतल्या एकाच नळीतून तुमच्या टँकरमध्ये पडतं. मोठ्या नावाच्या पेट्रोलात म्हणे मापभर औषध जास्त घालतात, बाकी जादा पैसे पाटीच्या रंगाचे. तुम्ही वीस वर्षं टँकर चालवताय, मान्य. पण मी बावीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावतोय. शेजारच्या इमारतीत एखादी तार केसाएवढी सैल असली तरी माझी झोप उडते, आणि मला इंजिनाचा आवाज कळत नाही? अर्ध्या ताटावरून उठलो ते योग्यच केलं. (भूक होती. तरी उठलो.) त्या दिवशी सगळ्या टेबलावर माझ्या बाजूने एकट्या आई बोलल्या, की जावयांचे कान खोटं सांगायचे नाहीत. माझ्या सासूबाई असल्या तरी तुमच्या जन्मदात्री आहेत, हे लक्षात घ्या! तेव्हापासून या गाडीत नामांकित पंपाशिवाय थेंब पडलेला नाही. आमच्याकडे गाडी तुमची बहीण चालवते, ऐकण्याचं खातं माझ्याकडे. दर शनिवारी ती टाकी भरून आणते, रविवारी सकाळी मी बॉनेट उघडून कान लावतो आणि तिला सांगतो, मखमल आहे मखमल!

आज आईंना डोळ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून घरी आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. अकरा वाजता त्या पट्टी बांधून दाराजवळच्या बाकावर बसणार, आणि आम्ही तिथे हजर, असं ठरलं होतं. नेमकी या शनिवारी टाकी भरायची राहिली. काटा तळाला टेकलेला. वाटेत दोन बिननावाचे पंप लागले. तुमच्या बहिणीने दोन्हीकडे गाडी हळू करून, इथेच भरू या का, असं विचारलं. मी दोन्हीकडे मान फिरवली. आणि नामांकित पंपाच्या फाटकाशी पोचता पोचता गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. फाटकाला साखळी. मशीनवर ताडपत्री आणि ताडपत्रीच्या घडीत कबुतरांचा संसार. स्टुलावर बसलेला राखणदार म्हणतो, जमिनीखालच्या टाक्या बदलायच्यात, पंप चार महिने बंद आहे.

चार महिने! मग दर रविवारी मी काय ऐकत होतो? राखणदार धडधडीत खोटं बोलतोय. ताडपत्रीवरची धूळ बघा म्हणाला. मी म्हटलं, धूळ कोणीही आणून टाकेल. पंधरा मिनिटं मी त्याला धारेवर धरलं. तुमची बहीण तेवढा वेळ विजेच्या खांबाकडे टक लावून बघत होती. (खांबात बघण्यासारखं काही नव्हतं.) मग ती रस्ता ओलांडून समोरच्या बिननावाच्या पंपाकडे गेली. तिथे तुमच्यातलाच एक टँकरवाला माल उतरवतोय, त्याच्या हाती हे पत्र देईन. मी मात्र गाडीतून हलणार नाही. पावणेअकरा झालेत.

आपला आज्ञाधारक (पेट्रोल सोडून),
मेहुणा

ता. क. आई बाकावर ताटकळतील. दुसऱ्या एखाद्या नामांकित पंपावरून पाच लिटर पेट्रोल डब्यातून लगेच पाठवता येईल का? ही विनंती नाही. तुम्हाला सुधारायची संधी देतोय.

ता. क. दुसरा. डबा नको. तुमची बहीण समोरूनच डबा भरून घेऊन आली. मी टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिलो. ती म्हणाली, "हात काढा. आई एकटी बसलीय." मी हात काढला. (आईंसाठी काढला, पेट्रोलसाठी नाही.) पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. मी सवयीने कान लावला. मखमल. तेव्हा कुठे ती म्हणाली की तीन महिने ती त्या समोरच्याच पंपावरून भरतेय. आधी का नाही बोललीस, म्हणून मी ओरडलो, तर म्हणते, "दर रविवारी तुम्ही इतके खूश व्हायचात, मला सांगवेना." दवाखान्यापर्यंत मी खिडकीची काच वर-खाली करत बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

ता. क. तिसरा. परत येताना गाडी मुद्दाम त्याच बिननावाच्या पंपापाशी थांबवली आहे. तुमचा टँकरवाला नळ्या गुंडाळतोय. आई मागच्या सीटवर आहेत. अर्धा तास उशीर झाला, पण एका अक्षराने बोलल्या नाहीत. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, डोकं मागे टेकलेलं. मघाशी म्हणाल्या, "काय मऊ चाललीय हो गाडी! हे तुमचं ते चांगलं पेट्रोल ना?" तुमच्या बहिणीने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, आई."

रविवारी जेवायला या. ते अर्धं ताट मला पुरं करायचंय. वाद घालायचा तर घाला, मी शेवटपर्यंत भांडेन. पण आईंच्या देखत नको. त्यांना सांगू नका, दादा.