दोन छिद्रं आणि एक बूट

बेमिजी, मिनेसोटा
११ फेब्रुवारी

तीर्थरूप सोल्वेगताईस,

धाकट्या हाल्व्हरचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवं पाऊल, सध्या बधिर आहे, सातच मोजून घे.) ब्रुकलिनच्या थंडीत तुझा दमा काय म्हणतो?

आधी एक गंभीर तक्रार. शेजारच्या एल्मरचं पित्ताशय काढलं तेव्हा त्याच्या दारात हॉटडिशची, म्हणजे आपल्या त्या भट्टीत भाजलेल्या नूडल्स-मांसाच्या काल्याची, अकरा भांडी येऊन पडली. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनच्या वाट्याला एकच, तेही ट्यूनाचं. एल्मरच्या मार्लिसवहिनी ते ठेवताना म्हणाल्या, "एवढ्याशा दोन भोकांना कितीसं लागणार, भावजी?" लघुछेदी शस्त्रक्रियेचा (समास माझा, कॉलेजात तीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर दुसरं काय सुचणार) हा पहिला उपद्रव : जखम दिसत नाही, म्हणून सहानुभूतीही नाही.

दुसरा उपद्रव असा, की छिद्रं दोनच असली तरी आत शिरायला जागा हवी म्हणून पाय टेबलाला बांधून तासभर ताणतात. त्यात कुठलीशी नस रुसली. परवा रविवारी चर्चला चालत गेलो, प्रार्थना म्हटली, दोन कप कॉफी प्यायलो. आपल्याकडची माणसं किती सभ्य, हे तू जाणतेसच. चाळीसजणांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी निघताना एल्मर छताकडे बघत म्हणाला, "हाल्व्हर, उजव्या पायात आज मोजाच का रे? म्हणजे, छान आहे मोजा." बूट वाटेतल्या बर्फात रुतून राहिला होता आणि मला पत्ता नव्हता!

डॉक्टरांना सांगितलं नाहीस का, असं तू विचारशील. सांगितलं की! दोन्ही भेटींत त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "अगदीच वाईट नाही." आता यावर इथला कुठलाही माणूस रुग्णवाहिका बोलावील. पण डॉ. पेल्टिए पडले लुइझियानाचे. बोललेलं खरं मानतात. त्यांनी कागदावर 'उत्तम' लिहिलं. उत्तम लिहिलेलं खोडायला लावणं बरं दिसतं का?

तुझा,
हाल्व्हर

ता. क. पुढच्या गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. न्यूयॉर्कात राहून तू तोंडावर बोलायला शिकलीस. येतेस का? माझ्या शेजारी बसून तूच सांग.

ता. क. २. काय सांगायचं ते लिहितो, कारण मला बोलता येणार नाही. पायाची बोटं वर उचलली जात नाहीत. सहा आठवडे झाले. ती कधीच उचलली जाणार नाहीत, अशी मला भीती वाटते, ताई.