डाव्या सीटची वाटणी

मी, इंदुताई प्रतापराव बिरादार, वय वर्षे शहात्तर, शिक्षण चौथी, माहेर भालकीकडचं, लग्न झाल्यापासून मुक्काम हैदराबाद, सध्या राहणार हिमायतनगर, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्याला चष्मा आहे, हाताला कंप आहे पण तो अक्षरात दिसतो तेवढाच, आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. म्हणजे सांगितलं एकाने. माझा मुलगा कुलदीप म्हणाला, "आई, तसल्या गाडीत बसायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करून ठेव." तो रागात म्हणाला, पण मला ते पटलं. वकील हर्षवर्धन यांना मी विचारून घेतलं, ते म्हणाले याला दबाव म्हणत नाहीत.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. नवऱ्याचं नाव वर लिहावं लागलं ते कायद्यासाठी. इथून पुढे मालक लिहीन, जन्मभर तसंच म्हटलं.

माझी नात त्रिवेणी इथल्या कंपनीत कॉम्प्युटरवर मोठी कामं करते, पण मराठी वाचताना तिला जोडाक्षराशी थांबावं लागतं. म्हणून हर्षवर्धन यांनी हा कागद सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचावा, आणि मी मधेच दुसरीकडे गेले तरी गाळू नये. माझ्या पश्चात व्यवस्था बघणारे तेच.

कलम पहिलं, घर. हिमायतनगरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, तो कुलदीपला. स्वयंपाकघराबद्दल मात्र त्याने काही ठरवू नये, ते आताही सुनेचं आहे. देवघरातले देव आहेत तिथेच राहू द्यावेत, त्यांना सवय झाली आहे.

कलम दुसरं, दागिने. माझ्या पाटल्या, गोठ आणि बोरमाळ सून भाग्यलक्ष्मी हिला. बँकेतलं जे उरेल ते तिला आणि कुलदीपला सारखं. ही मुलगी नलगोंड्याची, तेलुगू घरातली. आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि मला तेलुगू बाजारापुरतं. पहिलं वर्ष आम्ही दोघी कुलदीपमार्फत बोललो, आणि तो दोन्हीकडचं गोड करून सांगायचा. मग एके दिवशी तो गावाला गेला आणि आम्हाला एकमेकींशी खरं बोलावं लागलं. तेव्हापासून बरं चाललं आहे. ती मला अत्तम्मा म्हणते, म्हणजे सासूबाई. माझा गुडघा रोज तीच चोळून देते, सांगावं लागत नाही. तिचे उपकार पाटल्यांनी फिटत नाहीत हे मला माहीत आहे, पण पाटल्याच आहेत.

कलम तिसरं, जीपचा भोंगा. हा पितळी भोंगा माळ्यावर फडक्यात बांधून ठेवला आहे, तो माझे दीर एकनाथराव यांना द्यावा. का, ते सांगते, म्हणजे पुढचं कलम समजेल.

मालकांचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत पातेली, परातींचे ढीग बीदर, झहीराबादकडे पोचवायला त्यांनी जीप घेतली होती. एका वर्षी ऐन हंगामात गोदामातली हंड्यांची चळत त्यांच्या डाव्या हातावर आली. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. माल तर पोचवायचा, लग्नं काही थांबत नाहीत, आणि त्या दिवसांत ड्रायव्हर मिळेना. उजव्या हाताने चाक धरता येतं, पण गिअरची दांडी डाव्या हाताला. मालक विचार करत बसले आणि मग मला म्हणाले, "तू बाजूला बस. मी क्लच दाबला की तू दांडी ओढ."

कुलदीप तेव्हा मांडीवरचा. त्याला कडेला दाबून धरायचा आणि उजव्या हाताने गिअर टाकायचा. पहिल्या दिवशी अफझलगंजात जीप अशी किंचाळली की भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. मालक ओरडले, मी ओरडले, कुलदीप झोपून राहिला. पण गावाबाहेर पडलो आणि हळूहळू जमलं. नंतर नंतर तर बोलावं लागायचं नाही. इंजिनाचा आवाज भरून आला की त्यांचा पाय क्लचवर जायचा आणि माझा हात दांडीवर. घरून भांडून निघालेलो असलो, अबोला असला, तरी गिअर कधी अडला नाही.

तर झहीराबादच्या एका लग्नात एकनाथराव भर मांडवात म्हणाले, "आमच्या भावाची जीप बाई चालवते, भाऊ नुसता चाक धरून बसतो." लोक हसले. मालकही हसले, मला ते जास्त लागलं. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी मालकांना सांगितलं, आता तुम्ही डावीकडे बसा. पुढे दुकान बंद होईपर्यंत मालाची गाडी मीच चालवली, आधी जीप, मग व्हॅन. एकनाथराव माझ्या गाडीत कधी बसले नाहीत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला बसने आले आणि अक्षता पडून गेल्यावर पोचले.

एकनाथराव, आता तुम्हाला कमी ऐकू येतं असं कळतं. भोंगा उशाशी ठेवा. तुम्ही तसं बोलला नसता तर मी डाव्या सीटवरच राहिले असते, त्याबद्दल तुमची आभारी आहे. हे खवचटपणे लिहिलेलं नाही. थोडं आहे.

जीपची पान्या-स्क्रूड्रायव्हरांची पेटी, जॅक आणि हँडल त्रिवेणीला. तिला त्यातलं काही वापरता येणार नाही, पण ते काय आहे हे तिने मला एकदा विचारलं होतं, घरात दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

कलम चौथं, गाडी. हेच मुख्य.

मालकांनी माझ्या नावावर घेतलेला उप्पलचा प्लॉट यंदा विकला. कुलदीपला वाटलं मी ते पैसे ठेवीत ठेवीन नाहीतर काशी-रामेश्वर करीन. मी म्हणाले, मला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. नारायणगुड्याच्या सिग्नलला एकदा माझ्या ऑटोशेजारी तसली एक उभी राहिली होती. बसकी, दोन दारांची, दोनच सीटांची. ऑटोवाला किमतीबद्दल बोलत राहिला, मी तिचा आवाज ऐकत होते. सिग्नल सुटला आणि ती अशी गेली की मला किती तरी वेळ हसूच आवरेना.

बंजारा हिल्सच्या एका सेकंडहँड दुकानात तसल्या दोन मिळाल्या. गाडी तीच, वर्षही तेच, एक पिवळी गिअरवाली, एक राखाडी ऑटोमॅटिक. कुठली हवी ते सोमवारी सांगायचं, नाहीतर ते दुसऱ्यांना देणार. आज रविवार आहे.

कुलदीप म्हणतो कुठलीच नको. घ्यायचीच तर ऑटोमॅटिक. त्रिवेणी पण म्हणते ऑटोमॅटिक. तिने गिअर शिकताना टाकला तेवढाच, नंतर सगळ्या बिनगिअरच्याच चालवल्या, तिच्या वयाच्या कितीतरी जणांचं तसंच आहे. पण तिने कारण माझं दिलं. म्हणाली, "आज्जी, डॉक्टरांनी तुला डावा पाय जोराने दाबायला मना केलंय. ऑटोमॅटिक घेतली तर तू स्वतः चालवशील. गिअरवाली घेतलीस तर नुसती बघत बसशील."

खरं होतं ते. आणि मला स्वतः चालवायची होती. हे मी स्वच्छ लिहिते, कारण सगळे समजतात आज्जीला शेजारी बसून वाऱ्यावर जायची हौस आहे. हौस चाक धरायची होती. व्हॅन विकली त्यानंतर मी चाक धरलेलं नाही.

काल शनिवारी गेलो. दुकानामागे मोठं मोकळं आवार आहे, तिथे चालवून बघू देतात. आधी राखाडी. मी चाकावर, शेजारी दुकानातला बबलू, त्रिवेणी बाहेर उभी, गाडीत जागाच दोन. पायाखाली दोन पट्ट्या, ब्रेक आणि रेस. डाव्या पायाला काही काम नाही. गाडी लोण्यासारखी निघाली. वेग आला, इंजिन भरून आलं, आणि माझा डावा पाय मला न विचारता उठला आणि क्लच समजून ब्रेकवर बसला.

बबलूचा चष्मा पुढे काचेवर गेला. तो चांगल्या घरचा मुलगा आहे, चष्मा पुसून पुन्हा लावला. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. त्रिवेणीने बाहेरून सांगितलं, आज्जी, डावी चप्पल काढून ठेव म्हणजे लक्षात राहील. चप्पल काढली, तरी पायाने ब्रेक दाबलाच. सीटखाली पाय अडकवून बघितला, तिथून सुटून आला. आणि दर वेळी गुडघ्यातून कळ. बबलू म्हणाला, "अम्मा, आदत है, चली जाती." मी म्हणाले, "मैं चली जातुं बेटा, आदत नईं जाती."

वाईट काय वाटलं सांगू, आवारात झालं म्हणून हसलो. मागे एखादा स्कूटरवाला असता तर?

मग पिवळी. बसले आणि क्लच दाबला. तो एवढा कडक की अर्धाच गेला, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पाय काढून घेतला आणि तशीच बसून राहिले. एका गाडीला माझा डावा पाय नको होता आणि दुसरीला तो पुरत नव्हता. बबलूने पाणी आणून दिलं. त्रिवेणी खिडकीशी येऊन उभी राहिली, मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मग मी दार उघडून उतरले, फिरून डावीकडे जाऊन बसले आणि तिला म्हणाले, "बस चाकावर."

"मला गिअर नीट येत नाही, आज्जी."

"तू क्लच दाब. बाकी माझ्याकडे."

पहिला टाकला. गाडीने दोन हिसके खाल्ले आणि निघाली. मी दाब म्हणाले की ती दाबायची, मी दुसरा टाकायचे. ती आधी माझ्या हाताकडे बघत होती, मी म्हणाले समोर बघ, हात माझा आहे. आवाराला फेऱ्या मारता मारता एकदा असं झालं की मी दाब म्हणाले नाही आणि तिने दाबला होता. दांडी आपसूक गेली, जणू कुणी वाट मोकळी करून ठेवली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि अशी हसली की मला त्या जागी मालकांच्या शेजारी बसून जे वाटायचं, ते इतक्या वर्षांनी पुन्हा वाटलं. उतरलो तेव्हा बबलू म्हणाला, "अम्मा, ऐसा कोई नईं चलाता." मी म्हणाले, हौ.

म्हणून सोमवारी सांगायचं ते इथेच लिहिते. पिवळी, गिअरवाली. मी तिच्या चाकावर बसणार नाही. माझं लायसन नवं करायचं म्हणून काढून ठेवलं होतं ते आता करणार नाही. चाक त्रिवेणीचं. दोघींनी मिळून चालवायची ती सकाळी, सोसायटीमागच्या रिकाम्या आवारातच, रस्त्यावर तिने एकटीने नीट शिकून मगच न्यावी. माझ्यानंतर गाडी पूर्ण तिची, आणि ती विकून बिनगिअरची घ्यायची नाही. ही अट कायद्यात टिकत नाही असं हर्षवर्धन म्हणाले. त्रिवेणीत टिकेल.

आणखी एक अट घातली होती. तिला एकटीला गिअर जमायच्या आत मी गेले, तर तिच्या शेजारी बसून कुलदीपने गिअर टाकावा.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा कुलदीप चहा घेऊन आला आणि मागे उभं राहून वाचू लागला. मृत्युपत्राचं बोलला त्या शुक्रवारपासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मला वाटलं आता पुन्हा चिडेल. तो खुर्ची ओढून बसला, कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मालकांच्या हाताची गोष्ट त्याला माहीतच नव्हती, मला वाटत होतं सांगितली आहे. मग म्हणाला, "आई, मला असा शेजारून गिअर टाकता येत नाही."

मी म्हणाले, शिक.

"कधी शिकू? गाडीत जागा दोन. एकीवर त्रिवेणी, एकीवर तू."

तो भांडायला म्हणाला नव्हता. पन्नाशी उलटलेला माणूस, बँकेत त्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही, आणि लहान मुलाने मला पण म्हणावं तसं म्हणाला. मला त्याची भीती कळली. मी मरेन याची नव्हती एवढी. आम्ही दोघी निघून जाऊ आणि तो मागे राहील, त्याची होती.

म्हणून कलम पाचवं, जे आधी ठरलेलं नव्हतं. बाकी सगळं माझ्या पश्चात द्यायचं, हे एक मी असतानाच देते. पिवळ्या गाडीची डावी सीट, रविवार आड रविवार, माझा मुलगा कुलदीप याची. पहिला रविवार त्याचा. गिअर कसा धरायचा, केव्हा सोडायचा, ते मी आज संध्याकाळी पोळपाटावर लाटणं उभं धरून शिकवणार आहे, भाग्यलक्ष्मीने पीठ मळायचं थांबावं.

देवाने आणि माणसांनी मला पुष्कळ दिलं. आजवर गाडी निघाली की मी आतच असायचे. बापलेक गाडीतून गेल्यावर फाटकापाशी उभं राहून वाट कशी बघतात, हे मला माहीत नाही. आता बघेन.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, वाचलं, आणि खालच्या दोघांसमोर सही केली. दोघांना यातलं काही मिळणार नाही, तरी आले, त्यांची आभारी आहे.

सही: इंदुताई प्रतापराव बिरादार

साक्षीदार:
१. डॉ. रंजना पटवर्धन, वरचा मजला. (बाई शुद्धीवर आहेत, मी तपासलं. गुडघ्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे.)
२. विजय मुदिराज, सोसायटीचे सेक्रेटरी. (सही तेलुगूत. पिवळ्या गाडीला पार्किंग देतो असं तोंडी कबूल केलं, ते इथे लिहून घेतलं.)

ठिकाण: हिमायतनगर, हैदराबाद
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार