गुडघ्याची नोंद

सार्जंट हॅस्कल यांस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

टेक्सासच्या सरावात मी ट्रकवरून पडले, तेव्हा माझ्या गुडघ्यावर बर्फ तुम्हीच धरलात. म्हणालात, "पिकेट, दवाखान्यात गेलीस तर माझ्या तुकडीच्या नावावर अपघात लागेल. माझी बढती तोंडावर आलीय गं. चार दिवस कळ काढ, मी आहे ना!" मी कळ काढली. नोंद झालीच नाही.

पुढे दोन मैलांच्या धावण्याच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले. कॅप्टनने विचारलं, "कधी काही दुखापत झाली होती का?" तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्ही बोलाल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही स्वतःच्या बुटांकडे बघत राहिलात. मग मीच म्हणाले, "नाही, सर."

दुखापतीमुळे सैन्यातून सोडलं असतं, तर उपचार आणि कॉलेजची फी सरकारने दिली असती. मला अपात्र म्हणून काढलं. नर्स व्हायचं म्हणून सैन्यात आले होते. आता गावच्या हॉस्पिटलात लंगडत फरशी पुसते.

माजी सैनिकांच्या कचेरीतली बाई म्हणाली, "पडताना पाहिलेल्या एकाने लिहून दिलं, तर फाइल पुन्हा उघडेल." पाहणारे तुम्ही एकटेच.

तुम्ही बर्फ धरलात, एवढंच आईला ठाऊक आहे. ती रोज विचारते, "त्या भल्या माणसाला पत्र टाकलंस का?" टाकलं नाही, टाकणारही नाही. तुम्ही "आठवत नाही" असं कळवलंत, तर कॅप्टनसमोर मी कोणासाठी खोटं बोलले, हे मला तिला सांगावं लागेल.

आता तुमच्या हुकमात नसलेली,
लोरेन पिकेट