पलंग खाली आणला म्हणे

ती. आईस नमस्कार.

जेवण वेळेवर होतंय, खोलीत ऊन येतं, माझी काळजी नको.

आम्हा फिजिओथेरपिस्टांचा, म्हाताऱ्या माणसांच्या उपचारांवरचा कोर्स सुरू झाला. आज सर म्हणाले, "सत्तरीनंतर खुर्चीतलेच व्यायाम द्या, उगाच पडायला नकोत." माझं डोकंच फिरलं. भर वर्गात म्हटलं, "न वापरल्यानेच पाय जातात, सर. माझी आई त्र्याहत्तराव्या वर्षी कपडे वाळत घालायला, झोपायला रोज वीस पायऱ्या चढून माडीवर जाते."

खोलीवर आले तर ताईचा फोन, दादाने तुझा पलंग खाली आणला. कुणाला विचारून? आणि तूही मुकाट्याने झोपलीस? गुडघा दुखतोय का? खरं सांग.

पलंग वर न्यायला लाव. कठडा धरून, दमादमाने, पण चढ. उद्या त्याच सरांसमोर बसायचंय, मला खोटी पाडू नकोस.

तुझी चिडलेली,
धाकटी