पाणी आधी की कॉस्टिक

३ मार्च ९६, रवि.
बमरोलीच्या युनियनच्या खोलीत वर्ग. तीसेक माणसं, सगळी कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधली. विषय : कॉस्टिक सोडा अंगावर उडाला तर काय करायचं. मालक सांगत नाही, म्हणून युनियनने सांगायचं. बोलता बोलता तापलो. "जिथं जळेल तिथं पाणी! साहेबाला विचारू नका, पाणी ओता!" तीनदा म्हणवून घेतलं. खोली दणाणली. शिरपूरकडचा हिंमत पुढेच बसलेला, सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. छान वाटलं.

६ मार्च, बुध.
हिंमत भाजला. तोंड, मान, दोन्ही डोळे. नळाला पाणी कमी, म्हणून सुपरवायझरने पिंपात आधी कॉस्टिकचं पोतं रिकामं करवलं. तळाशी जेमतेम पाणी. पिंप तापलं, वाफ यायला लागली. शांत करायला हिंमतने बादलीभर पाणी वरून ओतलं. सगळं उसळून अंगावर. जाळ नाही, ठिणगी नाही.
गेटवर अर्धा तास मालकावर बोललो. टाळ्या. घरी येऊन जेवलो नाही.

८ मार्च, शुक्र.
मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पाटील सरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन माझ्या हातात दिलं, दोन चमचे कॉस्टिक टाकलं, ढवळलं. पेला कोमट, मग गरम.
"आग कुठं आहे, दाखवा."
माझ्या डोक्यात उष्णता म्हणजे भट्टीची. सर म्हणाले, ती कॉस्टिकच्या त्या पांढऱ्या पापडीतच साठलेली असते, विरघळताना बाहेर पडते. पाणी भरपूर असलं तर विभागली जाते. थोडं असलं तर तेवढंच पाणी ती सगळी घेतं आणि उकळतं. म्हणून पाणी आधी, कॉस्टिक मागून, थोडं थोडं. अंगावर उडालं तर मात्र धो धो पाणी. पिंप वेगळं, अंग वेगळं.
"तुम्ही वर्गात काय सांगितलंत?"
सांगितलं. चष्मा पुसत राहिले. मग, "एवढी जाडजाड पुस्तकं वाचता, भाऊ. नववीचं राहिलं का?"

१० मार्च, रवि.
वर्ग घेतला. नीट शिकवलं, पेला हातोहात फिरवला. मागून कुणीतरी, "मागच्या रविवारी वेगळं होतं, भाऊ."
मी पुढच्या मुद्द्यावर गेलो.

१३ मार्च, बुध.
सिव्हिल हॉस्पिटल. हिंमतच्या डोळ्यांवर पट्ट्या. डावा बहुतेक गेला. फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आलेले. सुपरवायझर खाटेला टेकून, "इसने अपनी मर्जी से डाला, साहब."
इन्स्पेक्टर हिंमतला, "किसने बोला था, भाई?"
मी पायाशी उभा. हिंमतने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कोनी सांगेल नई. मन्हाच डोकामा उनं."
तेच लिहून घेतलं गेलं : कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याच डोक्यात आलं. चूक कामगाराची.
बाहेर त्याची बायको सिंधू : "यासले एवढी अक्कल कथाईन उनी, भाऊ? कोनी ते सांगं व्हई."
कुणीतरी सांगितलं असणार, असं तिचं. चहा आणतो म्हणून निघून आलो. सभेत हजार माणसांपुढे बोलतो, इथं एका बाईपुढून पळालो.

१४ मार्च, गुरु.
जबाबात माझं नाव देतो म्हटलं, तर युनियनचा दगडू म्हणतो, "वेडे व्हऊ नका. मिल म्हणेल, युनियननंच त्याला भाजलं. सुपरवायझर सुटेल, वर्ग बंद पडेल." खोटं नाही त्याचं. पण गप्प राहिलो तर हिंमत अर्धा आंधळा, वर मूर्ख, आणि नोकरीवरून जाणार.
इन्स्पेक्टरला द्यायला कागदावर दोन वाक्यं. कोरडं पोतं आधी ओतायला सुपरवायझरने लावलं. वरून पाणी ओतायला मी शिकवलं. दोन्ही खरी. दुसरं तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.

१५ मार्च, शुक्र.
इन्स्पेक्टरच्या कचेरीबाहेर, बाकावर. साहेब अजून यायचे आहेत. सिंधू स्वतःहून आली, शेजारी बसली. तिला वाचता येत नाही.
"काय लिखेल शे, भाऊ? वाचा ना."
पहिलं वाक्य वाचलं. तिने मान हलवली, खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
"आनि खाले काय शे?"